राज्यांचे क्वार्टर : बाबांची ४४ झाली, ६ अडलीत, मार्गदर्शन हवंय

शेवंती

नमस्कार मंडळी, या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. नोव्हेंबरात माझे बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. बाबा एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे चिल्लर त्यांच्या हातात मुरलेली, मूठभर नाणी घेतली की न बघता अंगठ्याने एकेक सरकवत मोजतात आणि एकही चुकत नाही. इथे आल्यावर पहिले तीन आठवडे बाहेर थंडी, टीव्हीवरचं काही कळत नाही, नुसते खिडकीत बसून असायचे, मला बघवायचं नाही. मग एक दिवस लाँड्रीच्या क्वार्टरचा, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यांचा, रोल फुटला (आमच्या बिल्डिंगच्या तळघरातली मशिन्स फक्त क्वार्टर घेतात, नवरा दर महिन्याला बँकेतून रोल आणतो) आणि बाबा नाणी गोळा करायला जे खाली बसले ते तासाभराने मला हाक मारून म्हणाले, अगं एका बाजूला सगळीकडे तोच माणूस, पण मागची बाजू प्रत्येकाची वेगळी कशी काय? आणि हे घोड्यावरून कोण चाललंय?

ते घोडेवालं १९९९ चं डेलावेअरचं होतं. मी इथे नऊ वर्षं राहतेय, मशिनात किती क्वार्टर घातली असतील देव जाणे, कधी उलटून बघितलं नव्हतं. मग दोघांनी मिळून शोधलं तर ते सीझर रॉडनी निघाले, १७७६ च्या जुलैत स्वातंत्र्याच्या ठरावाला मत देता यावं म्हणून तब्येत बरी नसताना रात्रभर पावसात घोडा हाकत सुमारे ८० मैलांवर फिलाडेल्फियाला पोचले होते. बाबांनी ही गोष्ट त्या आठवड्यात भेटेल त्या प्रत्येक मराठी माणसाला सांगितली. तेव्हापासून घरातलं एकही क्वार्टर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय लाँड्रीत जात नाही. डायनिंग टेबलवर पंचा पसरायचा, पोथी वाचायचं भिंग घ्यायचं, चार-चारचे ढीग लावायचे म्हणजे एक ढीग एक डॉलर, आणि जे नवीन निघेल ते वहीत लिहायचं, राज्य, साल, मागे काय चित्र आहे ते स्वतःच्या शब्दांत.

आजच्या तारखेला ५० राज्यांच्या नाण्यांपैकी ४४ झालीत. राहिलेली मेन, मिसुरी, आर्कान्सा, आयोवा, विस्कॉन्सिन आणि ओक्लाहोमा. परतीचं तिकीट मे महिन्यातलं आहे, हातात जेमतेम सात आठवडे. व्हर्जिनिया मात्र दर रोलमध्ये असतंच असतं, बाबा म्हणतात ती तीन जहाजं आता मला झोपेत दिसतात.

तर प्रश्न असे की ही सहा मिळवायचा काही मार्ग आहे का, की सरळ ऑनलाइन विकत घेऊन टाकू? पुढच्या बाजूच्या वॉशिंग्टनच्या मानेमागे बारीक पी किंवा डी असतो ते दोन्ही वेगवेगळे जमवायचे असतात का? बाबांनी आठ-दहा काळपट नाणी देवाच्या तांब्याच्या भांड्यांसारखी चिंच-मीठ लावून घासली, ती आता पांढुरकी मातकट दिसतायत, ते चाललं का? आणि नवऱ्याने विचारायला सांगितलंय की पुढे यांची किंमत वाढते का.

चिल्लरवेडा

शेवंतीताई, धागा वाचून सकाळ छान झाली, बाबांना माझा नमस्कार सांगा. मी २००१ पासून ही नाणी जमवतोय, तेव्हा मी ओहायोत शिकायला होतो, त्यामुळे हात शिवशिवतायत, प्रतिसाद लांबेल.

तुमची अडलेली सहाही नाणी बघा, २००३, २००४ आणि २००८ ची आहेत. हा योगायोग नाही. ही योजना १९९७ च्या डिसेंबरात कायदा होऊन मंजूर झाली, डेलावेअरचेच काँग्रेसमन माईक कॅसल यांनी पुढाकार घेतला होता, आणि १९९९ ते २००८ अशी दहा वर्षं दरवर्षी पाच राज्यं, साधारण दर दहा आठवड्यांनी एक, ज्या क्रमाने राज्यांनी राज्यघटना मान्य केली किंवा संघराज्यात आली त्याच क्रमाने. म्हणून पहिलं डेलावेअर आणि शेवटचं हवाई. सुरुवातीला लोकांना वेड लागलं होतं, अर्थव्यवस्थाही जोरात होती, टांकसाळीने (मिंटने) २००० साली एकट्या व्हर्जिनियाची १५९ कोटींच्या वर नाणी पाडली. ती तीन जहाजं बाबांना झोपेत दिसतात ती या कारणाने, सगळ्या पन्नासांत तीच सर्वांत जास्त आहेत. पुढे २००१ साली आणि मग २००८ साली मंदी आली, व्यवहारात चिल्लर कमी लागायला लागली. फेडरल रिझर्व्ह बँका (इथल्या मध्यवर्ती बँका) मागतील तेवढीच नाणी मिंट पाडते, त्यामुळे आकडा धाडकन खाली आला. मेन, मिसुरी, आर्कान्सा, आयोवा, विस्कॉन्सिन ही पाचही ४४ ते ४७ कोटींच्या मधली, आणि ओक्लाहोमा सगळ्यांत कमी, ४१ कोटी ६६ लाख. म्हणजे एक ओक्लाहोमा हाताला लागेपर्यंत जवळजवळ चार व्हर्जिनिया येणार, हिशेबच तसा आहे. दुर्मिळ मात्र यातलं एकही नाही हे लक्षात ठेवा, ४१ कोटी नाणी काही कुठे पळून जात नाहीत.

आता मार्ग. तुमचा नवरा महिन्यातून एकदा रोल आणतो ते दर आठवड्याला करा, आणि एकदम शंभर डॉलरचे आणा, म्हणजे दहा रोल. एका रोलमध्ये ४० नाणी, १० डॉलर. बाबांनी ४०० नाणी चाळायची, हवी ती ठेवायची आणि बाकीची परत बँकेत भरायची, खर्च शून्य. फक्त जिथून घेतली त्याच शाखेत भरू नका, नाहीतर आपलीच चाळलेली नाणी परत आपल्याकडे येतात, माझं एकदा तसं झालंय, ओळखीचा ओरखडा दिसला. खातं ज्या बँकेत आहे तिच्या दुसऱ्या शाखेत भरा. कॅशियरला नीट सांगा की नवीन कोरे रोल नकोत, वापरातले हवेत, लोकांनी हाताने बांधून आणलेले असतील तर फारच उत्तम, त्यात घरातल्या जुन्या बरण्या रिकाम्या झालेल्या असतात.

पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी म्हणजे डेन्व्हर. तुम्ही पूर्वेला असल्याने तुमच्याकडे पी जास्त येणार. दोन्ही जमवायची की नाही हा ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग आहे, पण सात आठवड्यांत बाबांना ५० राज्यं पुरी करायचीत तर आत्ता अक्षराकडे बघू नका, राज्य मिळालं की झालं. १०० चा संच पुढच्या भेटीला ठेवा.

किंमतीबद्दल नवऱ्याला सांगा की वापरातलं नाणं पंचवीस सेंटचं आहे आणि पंचवीस सेंटचंच राहणार. मिंटच्या अंदाजाप्रमाणे १४ कोटी ७० लाख लोकांनी ही नाणी जमवली होती, इतक्या लोकांच्या कपाटात जे पडलंय त्याला भाव कुठून येणार?

गुलबक्षी

चिंच!! ताई, बाबांना आजच थांबवा प्लीज.

रागावू नका पण नाणी घासणं हे या छंदातलं सगळ्यांत मोठं नुकसान आहे आणि ते भरून येत नाही. क्वार्टर हे चांदीचं नाही, आत शुद्ध तांबं आणि दोन्ही बाजूंनी तांबं-निकेलचा पातळ थर, कडेने बघितलं तर तांब्याची लाल रेघ दिसते. नाणं पाडताना पृष्ठभागावर अतिबारीक रेषा उमटतात, त्यांच्यावरून प्रकाश फिरतो म्हणून कोरं नाणं तिरकं धरलं की चमक गोल फिरल्यासारखी दिसते. चिंचेतलं आम्ल तो वरचा थर खातं, मिठाने ओरखडे पडतात, मग ती फिरणारी चमक जाते ती जातेच. तांब्याचा तांब्या घासल्याने उजळतो कारण तो आतून बाहेरून तांब्याचाच आहे, याचं तसं नाही. घासलेली नाणी लाँड्रीत घालून टाका, तीच राज्यं परत मिळतील.

चिकट घाण असेलच तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये मिनिटभर बुडवून काढायचं आणि न पुसता सुकू द्यायचं, नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर नाही, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. पण खरं सांगू का, वापरातल्या नाण्याला हेही करायची गरज नाही. कडेला धरून उचलायचं, चित्रावर बोट लावायचं नाही, एवढी सवय लावली तरी पुष्कळ आहे.

दुसरं म्हणजे ठेवताय कशात? मऊ लवचिक प्लास्टिकची पाकिटं वापरू नका. त्यात पीव्हीसी असतं, नवीन शॉवरच्या पडद्याला येतो तसा वास येतो त्यावरून ओळखता येतं, चार-पाच वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. माझी पहिली तीन वर्षांची नाणी अशीच गेली, त्यात माझ्या मुलाच्या जन्माच्या वर्षाची पाचही होती, मला अजून वाईट वाटतं. पुठ्ठ्याचा अमेरिकेच्या नकाशाचा फोल्डर मिळतो, प्रत्येक राज्यावर एक भोक आणि त्यात नाणं दाबून बसवायचं, बाबांना तोच घ्या, कारण त्यांना राज्य कुठे आहे ते पण दिसेल. फक्त त्यात मागची एकच बाजू दिसते.

ओसरी

ऑनलाइन विकत घेण्याबद्दल माझा अनुभव सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

२००६ साली माझे सासरे आले होते तेव्हा त्यांनी टीव्हीवरच्या विक्रीच्या कार्यक्रमात सोन्याचा मुलामा दिलेला राज्यांच्या क्वार्टरचा संच बघितला, लाकडी पेटी, मखमल, सही केलेलं प्रमाणपत्र, आणि तो बोलणारा माणूस सारखा सांगत होता की साठा संपत आलाय. मला न सांगता माझ्या बायकोच्या कार्डावर मागवला, जावयाला भेट द्यायची म्हणून. मला अजून ते आठवलं की गलबलून येतं, कारण त्यांनी तो फार प्रेमाने माझ्या हातात ठेवला होता. काही वर्षांनी सहज एका नाण्यांच्या दुकानात दाखवला तर दुकानदाराने नाणी हाताळून शांतपणे सांगितलं की ही साधीच क्वार्टर्स आहेत, मुलामा टांकसाळीने दिलेला नाही, मागाहून खाजगी विक्रेत्याने दिलाय, संग्राहकाच्या दृष्टीने हे खराब केलेलं नाणं झालं, व्यवहारात चालवलं तर पंचवीस सेंट. रंगीत छापलेली मिळतात त्यांचंही तेच. ते प्रमाणपत्र पण टांकसाळीचं नव्हतं, विकणाऱ्याचंच होतं. पेटी अजून आमच्याकडे आहे, ती विकण्याचा प्रश्नच नाही, पण तुम्ही मुलामा, रंग, प्रमाणपत्र यातलं काहीही दिसलं की पुढे व्हा.

विकत घ्यायचंच तर एखाद्या नाण्यांच्या दुकानात जाऊन सुट्ट्या क्वार्टरचा डबा चाळू द्या म्हणावं, बरेच दुकानदार हसून देतात. किंवा मिंटचा स्वतःचा, संग्राहकांसाठी खास पाडलेला प्रूफ संच, त्याच्यावर एस असतो, सॅन फ्रान्सिस्कोचा. आरशासारखा चकचकीत असतो आणि त्या काळात चांदीचा प्रूफ संचही निघायचा, त्यातल्या नाण्यात ९० टक्के चांदी. तो चांदीच्या भावाने तरी विकला जातो.

कंदील

मला वाटतं इतका विचार करू नये. सहा नाणी ईबेवर दोन-चार डॉलरमध्ये येतील, बाबा पन्नास पूर्ण करून समाधानाने जातील. सात आठवडे वाट बघून तीनच मिळाली तर ते हिरमुसतील. वडिलांच्या वयाच्या माणसाला पुढच्या वेळी म्हणणं मला पटत नाही.

पठारावरची

कंदील, तुमचं म्हणणं पोचलं, पण विकत आणलेलं नाणं आणि पंच्यावर सापडलेलं नाणं यात त्यांच्यासाठी फरक असणार. मधला मार्ग सुचवते.

शेवंती, मी कोलोरॅडोत राहते, आमच्याकडे सगळी डीच येतात. हे वाचून मी आत्ता माझी बरणी उपडी केली, मेन, आयोवा आणि ओक्लाहोमा डी निघाली, ओक्लाहोमा तर दोन आहेत. पाकिटात घालून पाठवते, बदल्यात बाबांनी मला त्यांच्याकडची तीन पी पाठवायची, कुठलीही चालतील, व्हर्जिनिया सोडून :) पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. म्हणजे विकतही नाही आणि वाट बघणंही नाही, अदलाबदल झाली. आम्ही शाळेत तिकिटं जमवायचो तेव्हा अशीच करायचो.

ओक्लाहोमा आलं की बाबांना भिंगातून पक्षी बघायला सांगा. लांब दोन फाट्यांची शेपटी, सिझरटेल्ड फ्लायकॅचर, त्यांचा राज्यपक्षी, आणि खाली इंडियन ब्लँकेट नावाची रानफुलं. माझ्या मते पन्नासांत सगळ्यांत सुंदर काम तेच आहे. शेपटी पूर्ण उघडलेली आहे, उडता उडता वळताना असते तशी.

चिल्लरवेडा

पठारावरची, मस्त सुचवलंत.

विस्कॉन्सिन डी मिळालं तर मात्र लाँड्रीत घालायच्या आधी थांबायचं हं. त्यावर गाईचं तोंड, चीजचा गोल आणि मक्याचं कणीस आहे. कणसाच्या डाव्या बाजूला खाली, चीजच्या वर, नेहमीच्या पानाखेरीज एक जास्तीचं पान दिसतं का बघायचं, एका प्रकारात ते वर उभं असतं आणि दुसऱ्यात खाली झुकलेलं. २००४ च्या अखेरीस आणि २००५ च्या सुरुवातीला अ‍ॅरिझोनात टुसॉनच्या आसपास आणि टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोकडे ही लोकांच्या हाती लागली. ती खरोखर दर्शनी किमतीच्या कितीतरी पट जातात, आणि फक्त डी वरच सापडतात. तुमच्याकडे डी कमी येतं हे खरं, पण नाणी फिरतात.

अशी अजून दोन-तीन आहेत, भिंग हातात आहेच तर. २००५ चं कॅन्सस पी, त्यावर इन गॉड वी ट्रस्ट या बोधवाक्यातल्या ट्रस्टचा पहिला टी साच्यात ग्रीस अडकल्याने उमटलेला नाही, इन गॉड वी रस्ट वाचलं जातं. २००५ चं मिनेसोटा पी, झाडांच्या रांगेत एक अर्धवट जास्तीचं झाड. आणि बाबांचं लाडकं १९९९ चं डेलावेअर पी, साच्याला तडा गेल्यामुळे घोड्याच्या तोंडातून रेघ निघालेली दिसते, लोक त्याला थुंकणारा घोडा म्हणतात. यांना फार भाव नाही, पण सापडलं की आनंद होतो.

आणि प्रत्येक रोल फोडल्यावर आधी सगळी नाणी एका ओळीत उभी लावून कडा बघायच्या. लाल रेघ नसलेली, सगळी पांढरी कड दिसली तर बाजूला काढा, १९६४ पर्यंतची क्वार्टर्स ९० टक्के चांदीची होती. वजन साध्याचं ५.६७ ग्रॅम, चांदीचं ६.२५, बाबांच्या अंगठ्याला तो फरक नक्की कळेल. डब्ल्यू असलेलं २०१९ किंवा २०२० चं राष्ट्रीय उद्यानांचं क्वार्टर सापडलं तर तेही ठेवा, वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीत प्रत्येक चित्राची फक्त २० लाख पाडली होती आणि मुद्दाम व्यवहारात सोडली होती.

राईनकाठ

अवांतर आहे पण राहवत नाही. जर्मनीत पण असंच आहे, २००६ पासून दोन युरोच्या नाण्यांवर एकेक राज्य, श्लेस्विग-होल्स्टाइनपासून सुरुवात, ज्या राज्याकडे बुंडेसराटचं (राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभागृहाचं) अध्यक्षपद त्याचं नाणं. इथे एकाच चित्राच्या पाच टांकसाळी, बर्लिन ए, म्युनिक डी, श्टुटगार्ट एफ, कार्ल्सरुहे जी आणि हॅम्बुर्ग जे. माझा मुलगा सुपरमार्केटच्या ट्रॉलीत घालायला नाणं दिलं तरी आधी उलटून बघतो. दोन युरो म्हणजे जमवायला जरा जड पडतं, तुमच्या पंचवीस सेंटचा हेवा वाटतो. बाबांना शुभेच्छा.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार, मला इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मी सगळा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, चिंचेचा भाग ऐकताना ते गप्प बसले, मग उठून त्या नऊ नाण्यांचा ढीग वेगळा काढून लाँड्रीच्या डब्यात टाकून आले. त्यात व्हरमाँट होतं, ते परत शोधावं लागणार आहे.

शनिवारी नवऱ्याने दहा रोल आणले. बाबांनी अडीच दिवस लावले, मुद्दाम पुरवून पुरवून बघत होते, दुपारच्या चहानंतर दोन रोल आणि रात्री जेवणानंतर दोन असा कार्यक्रम. रविवारी संध्याकाळी मिसुरी सापडलं! लुईस आणि क्लार्कची होडी आणि मागे ती सेंट लुईसची कमान. त्यांनी मला हाक मारली नाही, माझ्या हातात भिंग आणून दिलं आणि म्हणाले तूच वाच. आणि काल आर्कान्सा, हिरा, बदक आणि भाताच्या लोंब्या, भाताच्या लोंब्या बघून तर ते हरखलेच, आमचं गाव मावळातलं, म्हणाले बघ अमेरिकेच्या नाण्यावर आपलं इंद्रायणीचं शेत.

आता ४५ झालीत (व्हरमाँट वजा धरून). पठारावरची, तुम्हाला व्यनि केलाय, तुमच्यासाठी बाबांनी साउथ कॅरोलायना, मेरीलँड आणि केंटकी अशी तीन स्वच्छ पी निवडून ठेवलीत, त्यांच्या हस्ताक्षरात चिठ्ठीसकट येतील. कंदील, तुमचा मुद्दा मला पटला होता, मी बाबांना विचारलंही, विकत घेऊन टाकू का म्हणून, तर म्हणाले विस्कॉन्सिन सोडून चालेल पण विकत नको.

ओसरी, तुमच्या सासऱ्यांचं वाचून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले त्यांना सांग पेटी जपून ठेवलीत ते फार बरं केलंत.

दोन शंका राहिल्यात. न्यू जर्सीच्या नाण्यावर होडीत वॉशिंग्टन आहे आणि पुढच्या बाजूलाही वॉशिंग्टन, एकाच नाण्यावर दोनदा कसा चालला? आणि नकाशाचा फोल्डर आणला त्यात पन्नासच भोकं आहेत, पण रोलमध्ये एक २००९ चं पियानोवाल्या माणसाचं सापडलंय ते कुठे बसवायचं?

चिल्लरवेडा

मिसुरी आणि आर्कान्सा एका आठवड्यात, बाबांच्या हाताला यश आहे.

नियम असा होता की मागच्या बाजूवर कुणाचाही डोकं-खांद्यापर्यंतचा मुखवटा नको, मग ती व्यक्ती हयात असो वा नसो, आणि हयात व्यक्ती तर मुळीच नको. होडीत उभा असलेला वॉशिंग्टन हा पूर्ण प्रसंग आहे, १७७६ च्या नाताळच्या रात्री डेलावेअर नदी ओलांडतानाचा, त्यामुळे चालला. साउथ डकोटावर माउंट रशमोर आहे, तिथेही तो दुसऱ्यांदा दिसतोच. तुमच्याकडे नदीच्या न्यू जर्सीच्या काठावर वॉशिंग्टन क्रॉसिंग नावाचं स्टेट पार्क आहे, एप्रिलमध्ये हवा उघडली की बाबांना नाणं खिशात घालून घेऊन जा, जिथे होड्या लागल्या तो काठ बघता येतो.

पियानोवाले म्हणजे ड्यूक एलिंग्टन, ते वॉशिंग्टन डी.सी.चं. राज्यं संपल्यावर २००९ साली डी.सी. आणि पाच प्रदेशांची सहा नाणी काढली, पोर्टो रिको, ग्वाम, अमेरिकन सामोआ, व्हर्जिन आयलंड्स आणि नॉर्दर्न मारियाना. ५६ भोकांचा फोल्डर वेगळा मिळतो. ही सहा खरंच कमी आहेत, मंदी ऐन भरात होती, नॉर्दर्न मारियानाची दोन्ही टांकसाळींची मिळून फक्त ७ कोटी २८ लाख, म्हणजे ओक्लाहोमाच्याही सहावा हिस्सा. डी.सी. त्यातलं सगळ्यांत जास्त पाडलेलं, १७ कोटींच्या वर, तरी रोलमध्ये सापडणं भाग्याचंच. ठेवून द्या.

अजून एक गोष्ट, मला बाबांच्या नजरेची परीक्षा घ्यायची नाहीये पण त्यांना आवडेल म्हणून सांगतो. जॉर्जियाच्या नाण्यावर पीच आहे आणि भोवती राज्याच्या नकाशाची रेघ, तिचा वायव्येचा, म्हणजे डावा वरचा कोपरा नकाशा शेजारी ठेवून भिंगातून बघा. आणि न्यू हॅम्पशायरवर डोंगराच्या कड्यातला जो म्हातारा दिसतो तो कडा २००३ च्या ३ मे ला कोसळला, नाणं २००० चं आहे, आता तो चेहरा तिथे डोंगरावर नाही.

शेवंती

जॉर्जियाचा कोपरा खाल्लेला आहे!! बाबांनी माझ्या मुलीच्या शाळेचा नकाशा घेऊन बसून शोधलं, पार टोकाचा डेड काउंटीचा भाग रेघेच्या बाहेर राहिलाय. वहीत जॉर्जियाच्या पानावर त्यांनी तो कोपरा पेन्सिलने काढून ठेवलाय.

न्यू हॅम्पशायरचं ऐकून मात्र त्यांनी ते नाणं फोल्डरमधून काढून बराच वेळ हातात धरलं होतं. मग वहीत त्या नोंदीखाली लिहिलं, कडा पडला ३ मे २००३.

पठारावरची, पाकीट आज आलं, तिन्ही नीट पोचली, दुसरं ओक्लाहोमा पण घातलंत त्याबद्दल वेगळे आभार, ते बाबा गावी आमच्या पोस्टमन काकांसाठी नेणार आहेत. शेपटी बघितली. तुम्ही म्हणता तशीच आहे, वळतानाची. राहिली विस्कॉन्सिन आणि माझं ते व्हरमाँट, उद्या परत दहा रोल आणायला सांगितलेत.